झऱ्यांवर गेलेली माणसं

गावजत्रेचा रविवार होता आणि लुदमिलाबाई सकाळपासून बदक भाजत होत्या. अळंब्यांची पारख त्यांच्याइतकी गावात कुणालाच नव्हती. कुणीही टोपली पुढे करावी आणि बाईंनी त्यातली विषारी नेमकी उचलून फेकावी. घरातलं विष मात्र त्यांनी झाकून ठेवलं होतं.

इकडे चेक खेड्यांत कुणाचं मन आजारी पडलं, की घरचे सांगतात, औषधी झऱ्यांवर गेलाय, पाठ धरलीय. बाईंची लेक हेडविका अशीच महिनोन्महिने ‘झऱ्यांवर’ होती. खरं तर ती माडीवर कोंडलेली होती आणि तिथेच तिने जीव दिला. गावाला सांगितलं, हृदय बंद पडलं.

सून वेंदुला त्याच वाटेने चालली होती. गोळ्यांनी गुण येईना, तेव्हा ती प्रागच्या डॉक्टरांकडे गेली. तिथला उपचार म्हणजे अळंबीतलं भास घडवणारं द्रव्य, डोळ्यांवर पट्टी, उशाशी दोन डॉक्टर आणि दिवसभर ढसाढसा रडणं. परतताना तिला कडकडून भूक लागली. भुकेबरोबर संतापही जागा झाला होता. दुसरी फेरी उद्या होती.

“परत जायचं नाही,” सासूबाईंनी स्वयंपाकघरात बजावलं. “नशेबाज सून म्हणून गाव तोंडात शेण घालील.”

“अळंब्यांचं सूप तर तुम्ही रोज करता, आई.”

“माझं सूप पिऊन कुणाला भुतं दिसत नाहीत! लुबोश, सांग तुझ्या बायकोला.”

लुबोश उकडलेल्या कणकेच्या लोडासारख्या उंड्यांचे दोऱ्याने काप करत राहिला. “जत्रा तरी पार पडू दे गं,” तो पुटपुटला.

जेवताना शेजारीण यिट्का म्हणाली, “वेंदुला, तोंडावर तेज आलंय हो! कुठे होतीस?”

“झऱ्यांवर,” सासूबाई घाईने म्हणाल्या. “पाठ धरली होती.”

वेंदुलाने काटा खाली ठेवला.

“पाठ नव्हती, यिट्काताई. मला मरावंसं वाटत होतं. उपचार घेतेय, उद्या परत जाणार आहे. आणि आमच्या हेडविकाचं हृदय ठणठणीत होतं. तिने माडीवर जीव दिला. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली आईंच्या खिशात.”

“गप्प बस! पाहुण्यांसमोर...”

“पाहुण्यांसमोरच! एकांतात सांगून पाहिलं, तुम्ही मलाच वेडी ठरवलंत.”

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. वेंदुला त्यांच्याकडे रोखून बघत राहिली. दया यायला हवी होती, पण आली नाही. तिला मनापासून बरं वाटलं.

मेजावर कुणी घास उचलेना. यिट्काचा मुलगा उन्हाळ्यापासून झऱ्यांवर होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“लुबोश,” यिट्का उठत म्हणाली, “उद्या गाडी काढशील ना? आमच्या पावेललाही डॉक्टरांना दाखवू. त्याच्या खोलीची कडी काढून येते मी.”