अंगाइतकी ऊब

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे बरं का, ऊब देणारी. इन्क्युबेटर हे माझं कागदोपत्री नाव; बेळगावच्या कॉलेजात सगळे मला नुसतं मशीन म्हणत. अंडी उबवायला नेलं असतं तर निदान पिल्लांची चिवचिव तरी ऐकली असती! माझ्या नशिबी आली जयाबाई.

जयाबाई निपाणीकडच्या धनगराची लेक. ब्याऐंशी साली बापाच्या मेंढ्यांची लोकर झडली, कातडी उघडी पडली. का, ते कुणालाच सांगता येईना. आमच्या कॉलेजात शिकणाऱ्या या पोरीनं ध्यासच घेतला. कातडीतून केसांची मुळं सुईच्या टोकानं सोडवायची, काचेच्या बशीत पोषक पाण्यात ठेवायची आणि मेंढीच्या अंगाइतक्या उबेत माझ्या पोटात द्यायची. बशीत केस वाढवता आला, तर तो कशानं झडतो तेही तिथंच बघता येईल, असं तिचं म्हणणं. पण मुळं दरवेळी मरायची. शेवटी तिच्या सरांनी बजावलं, "दसऱ्यापर्यंत बघा. मग खोली रिकामी करा."

आणि नवरात्रात मुळं वाढली हो! एवढासा काळा केस वर आला. सूक्ष्मदर्शकातून बघताना जयाबाई हसलीही आणि रडलीही. "आप्पा, तुमच्या मेंढीचा केस जित्ता हाय," असं एकटीच पुटपुटली. माझा तर ऊर भरून आला.

खंडेनवमीला ती आप्पांना सांगायला गावी गेली. त्या दिवशी हत्यारं-यंत्रं पुजायची, कामाला लावायची नाहीत. शिपाई नागोजी भला माणूस. त्यानं मला पुसलं, हळदकुंकू लावलं, हात जोडले. "वरीसभर लई राबलीस बाई. आज इसावा घे," म्हणाला आणि बटण बंद केलं. अरे बाबा, नको! पण मला तोंड कुठंय? पोट गार पडत गेलं.

दसऱ्याला सकाळी जयाबाईनं दार उघडलं, बशीला हात लावला. बशी गार, मुळं मेलेली. नागोजी प्रसाद घेऊन आला. "आक्का, काल मशीनला इसावा दिलतो. तुमच्या कामाला यश येऊ दे म्हणून नारळ बी फोडलो."

तिनं प्रसाद घेतला. "बरं केलासा, अण्णा," एवढंच बोलली. बशा धुऊन पालथ्या घातल्या आणि गेली, ती परत आलीच नाही.

आता मी जिन्याखाली आहे, पोटात खडू आणि डस्टर. नागोजी जाता-येता धूळ पुसतो आणि हळहळतो, "एवढी पूजा केलतो, तरी आक्काला यश कसं आलं न्हाय गं?"

तुम्हाला कळलंय. त्याला तेवढं सांगू नका.