मारेककाकांचं पान

इथे बहारीनमध्ये, मनामा शहराच्या नईम भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या हालिनाबाई पोलंडच्या पंतप्रधान झाल्या. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मीच मनामाभर मिरवून घेतलं.

बाई इथे युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकवायच्या. नवरा, मारेककाका, रिटायर्ड. माझ्या थालीपिठावर लोण्याचा गोळा पडला की लहान मुलासारखे हसायचे. ते इथेच गेले, इथल्याच ख्रिश्चन दफनभूमीत आहेत. पुढे तिकडे पक्षांची भांडणं जुंपली, कुणालाच कुणी चालेना, तेव्हा कुठल्याच पक्षाची नसलेली बाई सगळ्यांना चालली. निघताना माझे हात धरून म्हणाल्या, "स्मिता, मारेककडे बघ. मी येईन."

मी बघितलं. दर शुक्रवारी कबरीचा दगड धुतला, शेजारच्या तगरीला पाणी घातलं. सर्वपित्रीला गच्चीवर आमच्या पितरांशेजारी काकांचंही पान ठेवलं. "येणार आहेत हो बाई," म्हटलं की कावळा लगेच शिवायचा.

परवा बाई खरंच बहारीनला आल्या, सरकारी दौऱ्यावर. मी सकाळपासून कबरीशी उभी, त्यांच्यासाठी थालीपिठांचा डबा घेऊन. दुपारी एक गाडी आली. सुटातल्या माणसाने भलंमोठं पुष्पचक्र ठेवलं, फोटो काढला. "मॅडम?" मी विचारलं. शेड्यूल टाइट आहे म्हणे! संध्याकाळी बाई टीव्हीवर विमानात चढताना दिसल्या. असा संताप आला म्हणून सांगू! काकांना दिलेला माझा शब्द खोटा पडला होता, माझा!

आज सर्वपित्री. आमचं पान कावळ्यांनी बघता बघता फस्त केलं. काकांच्या पानाला मात्र एकही शिवेना. "येतील हो बाई," मी पुन्हा पुन्हा म्हटलं. आमचे हे गच्चीच्या दारातून म्हणाले, "अगं, खलास आता. ऊन बघ किती."

मग माझा तोल गेला. "काका, नाही येणार ती! ऐकताय ना? देशाची झाली ती, तुमची नाही राहिली. जेवून घ्या बघू!"

कठड्यावरचा कावळा खाली उतरला आणि त्याने थालीपिठाचा तुकडा उचलला.

"सुटलीस बाई," हे म्हणाले.

कसली सुटतेय! मी तिथेच बसून ढसाढसा रडले. निदान काकांनी तरी इतक्या लवकर ऐकायला नको होतं.