उजेडबाबांची सरकी

तेलगिरणीच्या गोदामातले दिवे मालवले, की उजेडबाबा जांभळी विजेरी पेटवत आणि सरकीच्या ढिगात हिरवट-पिवळे ठिपके चमकू लागत. गर्दी हात जोडी. आपली गेलेली माणसं बियांत उतरतात, चमकेल ती सरकी गाईला घाला, असं बाबा सांगत. न चमकणारी सरकी पापी ठरे. गिरणीमालक चमकणारी चढ्या भावाने विकी आणि पापी सरकीचं गुपचूप तेल काढी.

बायको नुकतीच गेलेला एक म्हातारा रोज पुढे बसे. घरी तिची गाय होती आणि त्या दुधावर वाढणारी नात. बाबांनी एका ठिपक्याकडे बोट दाखवलं. "ही तुमची मंडळी."

"इतका वेळ ती गप्प बसत नसे," म्हातारा म्हणाला. तरी पोतं त्याने घरी नेलं.

पोतं उघडताच कुबट वास आला. गाईने तोंड फिरवलं. म्हातारा तिला चुचकारू लागला, तेव्हा सुनेने घमेलं ओढून घेतलं आणि गुरांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भर गोदामात विजेरी मागून घेतली आणि बाबांवरच रोखली. त्यांचा पांढरा सदरा निळाशार उजळला. एकाने हात जोडले.

"बाबांत कोण उतरलं हो?"

"कपड्यांची पावडर," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी वर बोट केलं. छप्पर गळत होतं; खालची सरकी भिजून तिला बुरशी लागली होती. तशी सरकी या उजेडात अशी चमकते. त्या बुरशीचं विष दुधात उतरतं, उकळून जात नाही. चमकलं नाही म्हणजे निर्धोक असंही नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते. चांगल्या सरकीतही उपजत विष असतं, म्हणून वासरांना ती देऊ नये, मोठ्या जनावरांनाही बेतानेच. बाबांनी मात्र नेमकी नासकी तेवढी निवडून दिली होती.

"मग त्यात ती नव्हती?" म्हाताऱ्याने विचारलं.

बाईंबरोबर आलेली सून म्हणाली, "मामंजी, सासूबाई आधी पोत्यात नाक खुपसत. त्या असत्या तर ते पोतं उंबऱ्याच्या आत आलं असतं का?"

म्हाताऱ्याने ते पोतं खड्ड्यात पुरलं. आता नवं पोतं आलं, की तो तिच्यासारखंच आधी नाक खुपसतो, मूठभर तपासायला पाठवतो, मगच गाईला घालतो. काही चमकलं तर हात जोडण्याआधी का चमकलं ते विचारावं. निदान वास तरी घ्यावा.