फळी जशीच्या तशी

बुरशीवर संशोधन करते म्हणून सगळे जिला बुरशीताई म्हणतात, तिच्या आईचं म्हणणं असं, की जगातली माणसं घरात बुरशी येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात आणि आपली लेक ती यावी म्हणून फक्त नवस बोलायची राहिली आहे. त्यात ही बुरशी आईच्याच न्हाणीघरातली. दाराची चौकट तपकिरी पडून चौकोनी ढेकळांसारखी तडकली, तेव्हा लेकीनं रडायच्या ऐवजी डबी आणून तिचा तुकडा प्रयोगशाळेत नेला. चौकट पुढे सुतारानं जाळून टाकली. आता ती बुरशी जिवंत उरली होती एका काचेच्या नळीत, आणि आई रोज विचारायची, "माझी नात जेवते का गं?"

नात जेवत नव्हती, हेच तर दुखणं होतं. ताईनं तिला पाइनच्या फळ्यांवर सोडलं, ओलावा दिला, ऊब दिली, महिनोन्महिने वाट पाहिली. मग फळ्या भट्टीत वाळवून वजन केलं, तर ते न घटल्यासारखंच, जेमतेम घटलेलं. तिच्या सरांची वजनकाट्यावर अशी श्रद्धा, की काटा बोलला म्हणजे विषय संपला. बुरशीनं लाकूड खाल्लं तर वजन घटणार. घटलं नाही, म्हणजे खाल्लं नाही. या वाणात दम नाही, सरांनी निकाल दिला. नळी नष्ट करू, तू दुसऱ्या बुरशीवर पहिल्यापासून सुरुवात कर. दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं. ताईला बोलायचं होतं पुष्कळ, पण तिनं नुसती मान हलवली.

सरांचा दुसरा गुण म्हणजे चिक्कूपणा. त्यांच्या राज्यात तुटकी सुतळीसुद्धा जपून ठेवली जाई. त्यांच्या लाडक्या स्टुलाची बैठक चिरली होती. फळी जशीच्या तशी आहे, वाया कशाला घालवायची, असं म्हणून त्यांनी नवी बैठक करायला ताईच्याच फळ्या सुताराकडे धाडल्या. करवत लोण्यातून फिरावी तशी फिरली म्हणून सुतारही खूश. उरलेला एक तुकडा ताईनं आठवण म्हणून स्वतःकडे ठेवला.

बाद ठरवलेल्या वाणाला निरोप सर स्वतः द्यायचे, तशी तिथली रीतच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते त्याच स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीवर नळी शोधू लागले. ताईला बघवेना. ती खाली मान घालून हातातल्या तुकड्याशी चाळा करत बसली आणि तुकडा मोडला. कुसळ नाही, धागा नाही, बिस्किटासारखा सरळ आडवा मोडला.

ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बुरशीची लाकूड पचवणारी एन्झाइमं अंगानं मोठी, लाकडाच्या बारीक पेशीभिंतीत ती शिरू शकत नाहीत. म्हणून ही बया आधी चिल्लीपिल्ली पाठवते. ऑक्झॅलिक आम्लाच्या मदतीनं लोह गोळा करते, त्याची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ घालून देते, आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा जो तापट कण निघतो तो दिसेल ते तोडत सुटतो. लाकडाला बळ देणाऱ्या सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांचे तुकडे पडतात, पण पडतात जागच्या जागी. ताकद जाते, वजन राहतं. जेवण नंतर, सावकाश. हे सगळं ताईनं परीक्षेत लिहून वर शाबासकी मिळवली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

"सर, खाली उतरा," ती म्हणाली.

"थांब गं, सापडली एकदाची."

"स्टूल कुजलंय, सर."

"कुजलं असतं तर काट्यानं सांगितलं नसतं का?" सर नळी हातात घेऊन वळले, आणि त्या वळण्यानंच बैठक कडकन मोडली.

एकाच वेळी दोन गोष्टी खाली येत होत्या, आणि ताईनं झेलली ती नळी.

सर जमिनीवर बसले होते, सभोवती फळीचे तुकडे. नळी छातीशी धरलेल्या ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंद इतका झाला होता की त्याचीच तिला लाज वाटली. सर, लागलं का, माफ करा, असं काहीबाही ती पुटपुटली.  सरांनी एक तुकडा उचलला, दोन बोटांत धरून मोडला. दुसरा उचलला, तोही मोडला. चेहऱ्यावर राग शोधूनही सापडत नव्हता.

ताईनं त्यांना उठवायला हात पुढे केला. सरांनी त्या हातात फळीचा मोठा तुकडा ठेवला.

"मला नंतर उठव," ते म्हणाले. "आधी हिची ताकद मोज."