बुटांची गोष्ट

कॅमेरामन अल्पेशने शर्टाच्या बटणाशी माइक अडकवला, तेव्हा धोंडिबा हनुवटी वर करून बसले होते, न्हाव्यापुढे बसतात तसे.

"काका, पाच मिनिटं आहेत," शशिकांत म्हणाला. "आपण लाइव्ह जाणार. बोलाल ते तसंच्या तसं सगळीकडे दिसेल."

"बरं," धोंडिबा म्हणाले.

कुळगावातली ही त्यांची खोली. भिंतीवर मुलीची, उन्नतीची पदकं टांगलेली, आणि मधोमध लॅमिनेट केलेलं वर्तमानपत्राचं पिवळट कात्रण. शशिकांतने मुद्दामच त्याच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची घेतली होती. उन्नतीची आई कौसाबाई दाराशी उभी होती. तिने पाणी दिलं होतं, चहाचं विचारलं नव्हतं.

उन्नतीची आशियाई स्पर्धेसाठी निवड झाल्याची बातमी सकाळी आली आणि चॅनेलला तिचे आईवडील हवे झाले. शशिकांत आता तिथला क्रीडा संपादक. एखादा नवखा वार्ताहर पाठवून काम भागलं असतं, पण तो स्वतः आला.

आठ वर्षांपूर्वी तो उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, जीन्सच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर बसून एका छोट्या दैनिकाचं खेळाचं पान एकटा भरायचा. सोळा वर्षांची उन्नती पाच हजार मीटरमध्ये राज्यात पहिली आली, तेव्हा त्याने बातमी केली, तीच भिंतीवरच्या कात्रणातली. संपादकांनी ती वाचून परत सरकवली. "ह्यात संघर्ष कुठाय?" पान छपाईला सोडायला वीस मिनिटं उरली होती आणि धोंडिबांचा फोन लागत नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी त्याने तीन वाक्यं लिहिली. मुलीने पळावं हे वडिलांना मान्य नव्हतं. एकदा रागाच्या भरात त्यांनी तिचे बूट पाणी तापवायच्या बंबात घातले. ती अनवाणी पळाली.

ती तीन वाक्यं मोबाइलवरून गावोगाव गेली. त्याला बक्षीस मिळालं, मग चॅनेल मिळालं. पुढे त्याने जीव ओतून कितीही सामने रंगवले, तरी ओळख करून देताना लोक म्हणत, ती बुटांची गोष्ट ह्यांचीच बरं का!

खरं काय ते त्याला दोन वर्षांनी कळलं. अंबरनाथ एमआयडीसीत दुसऱ्याच कामासाठी गेला असताना धोंडिबांच्या कंपनीतला एक जण चहाच्या टपरीवर भेटला. "बंब होय? धोंडिबा तर रातपाळी करून झोपायचा पण नाही हो. सायकल काढून पोरीच्या मागे-मागे बारवी रोडला, तिच्या सरावाला. आता नाही जात. ग्राउंडवर लोक बोट दाखवतात ना."

त्या दिवसापासून शशिकांतला स्वतःची लाज वाटत आली होती. दर वर्षी तो ठरवायचा की जाऊन पाय धरायचे, आणि दर वर्षी काहीतरी काम निघायचं. खरं म्हणजे कामबिम काही नसायचं. त्याला धीर व्हायचा नाही.

"भाऊ," कौसाबाई दारातूनच म्हणाली, "कॅम्पातनं हितं यायला रिक्षानं किती येळ लागतो?"

"अर्धा-पाऊण तास."

"मग तवा एकदा येऊन इचारायचं हुतं."

तो धोंडिबांकडे वळला. "काका, त्यासाठीच आलोय. मी सरळ विचारीन, बूट जाळले होते का? तुम्ही खरं ते सांगा. पुढचं मी बोलतो. मी न विचारता लिहिलं, हे मीच सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली."

धोंडिबांनी भिंतीवरच्या पदकांकडे पाहिलं.

"पोरगी बघत आसंल?"

"हो. पुण्याच्या शिबिरात सगळ्या मुली टीव्हीसमोर आहेत. आपल्यानंतर तिच्याशीच बोलायचंय."

"सर, दस सेकंद," अल्पेश म्हणाला.

कॅमेऱ्यावरचा दिवा लागला. शशिकांतने नमस्कार-चमत्कार उरकले आणि थेट मुद्द्यावर आला.

"काका, तुम्ही उन्नतीचे बूट बंबात घातले, असं छापून आलं होतं. खरं आहे का ते?"

"व्हय," धोंडिबा म्हणाले. "घातले."

"काका..."

"तवा अक्कल नव्हती. पोरीच्या जातीनं पळायचं, हे डोक्यात बसत नव्हतं. तिनं पळून दाखवलं, मंग कळलं. माझं चुकलं."

कौसाबाईने पदर तोंडाला लावला. शशिकांतच्या कानात स्टुडिओतून आवाज आला, "जबरदस्त! आता उन्नतीकडे जाऊ." अजून वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. पावसाने थांबलेल्या सामन्यात तासभर एकट्याने बोलत राहणाऱ्या शशिकांतला ते एक वाक्य जमलं नाही.

"धन्यवाद, काका," तो म्हणाला.

दिवा विझला.

"कडक झालं, सर," म्हणत अल्पेश वायर गुंडाळायला लागला. धोंडिबांनी माइक स्वतःच काढला आणि जपून टेबलावर ठेवला.

"पोर शाळाशाळांत जाऊन हेच सांगती, साहेब. पयल्या सत्काराला कुनीतरी बुटांचं इचारलं, ती हो म्हनून बसली. लहान हुती. आज मी नाही म्हनलो आसतो, तर तिला आत्ताच्या आत्ता सगळ्यांम्होरं इचारलं आसतं, तू खोटं का बोललीस?" मग त्यांनी जरा काळजीनेच विचारलं, "नीट बोललो न्हवं?"

शशिकांतने मान डोलावली.

कौसाबाई स्टुलावर चढून माळ्यावर काही शोधत होती. खाली उतरली तेव्हा तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. आत उन्नतीचे तेव्हाचे, लहान मापाचे निळे बूट होते. टाचा झिजलेल्या, आकार मोडू नये म्हणून आत कागदाचे बोळे, आणि दोन्ही नाड्या एकमेकींना बांधलेल्या. पिशवी तिने शशिकांतपुढे धरली.

"एवढं घिऊन जावा, भाऊ," ती म्हणाली. "आता हे घरात सापडाय नको."