बंगल्याचा शेवटचा भाग

संघर्ष माझा धाकटा भाऊ. आठ महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी पडला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाय थोडाफार परत आला, हाताची बोटं हलायला लागली, वाचा काही आली नाही. वय एकोणचाळीस. बीपीची गोळी चुकवू नकोस म्हणून मी घसा कोरडा करून घेतला होता, पण अक्काचं ऐकेल तर तो संघ्या कसला.

आणि वाचा जावी ती कुणाची, तर ह्याची. भाईंदर पूर्वेला आमच्या वस्तीत भीमजयंतीचा माईक वर्षानुवर्षं त्याच्याच हातात. नोकरी विम्याची, म्हणजे तीही बोलण्याचीच. त्याची बायको मानसी म्हणायची, अक्का, हे झोपेतसुद्धा पाहुण्यांचं स्वागत करतात. आता त्याच्याकडे एकच आवाज उरलाय, 'हं'. भूक लागली तरी हं, राग आला तरी हं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येते म्हणून खांद्यावर कायम नॅपकिन. मला ते बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

स्पीच थेरपीच्या नीलम मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, पहिल्या वर्षात जे यायचं ते येतं, पुढे अवघड होत जातं. लहानपणचं, पाठ असलेलं काहीतरी काढून बघा, कधीकधी तेच आधी सुटतं. मी त्रिशरण म्हणून पाहिलं. त्याने डावा हात उजव्याला लावला, ओठ हलवले, आवाज नाही. मला काही भाषण नको होतं हो. त्याने एकदा 'अक्का' म्हणावं, एवढंच पाहिजे होतं. आणि वर्षाचे चार महिने उरले होते.

त्यातच मला बंगला सापडला.

बंगला म्हणजे आमची सिरियल. तिचं खरं नाव लांबलचक होतं, आम्ही दोघं 'बंगला'च म्हणायचो. तेव्हा आम्ही केबिन रोडच्या मागच्या बैठ्या चाळीत राहायचो. मी सतरा वर्षांची, तो तेरा. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या हंसाबेनकडे होता. रविवार सोडून रोज साडेसातला आम्ही तिच्या उंबऱ्यात हजर. शर्वरी नावाची मुलगी, तिचा दुष्ट भास्करकाका, आणि त्याने बळकावलेला तो बंगला. बाप अंथरुणाला खिळतो, शर्वरीचं कॉलेज सुटतं, काका तिला गेटबाहेर काढतो. गेट काय होतं! दोन्ही बाजूंना सोनेरी मोर. मी शर्वरीसारखी वेणी घालायचे. संघ्या खांद्यावर टॉवेल टाकून भास्करकाकासारखा खोकायचा, आधी दोन बारीक, मग एक लांब. हंसाबेन म्हणायची, "अरे छोकरा, डर लागे छे." तेवढं वेड होतं आम्हाला.

मग पप्पांना दम्याने धरलं. ते स्टीलची भांडी पॉलिश करायचे, ती धूळ छातीत बसली. त्याच कारखान्यात मला पॅकिंगला घेतलं, दुपारी दोन ते रात्री नऊ, सुट्टी फक्त रविवारी. अकरावी अर्ध्यात सुटली. कॉलेज सुटल्याचं दुःख करायला सवड नव्हती, पण साडेसातची सिरियल चुकणार म्हणून मी मोरीत बसून रडले. सतरा वर्षांची होते, अक्कल तेवढीच.

पहिल्या दिवशी मी कामावरून येऊन ताटावर बसले, तर संघ्या समोर उकिडवा. म्हणाला, "अक्का, तू जेव, मी दाखवतो." आणि अख्खा भाग करून दाखवला. शर्वरीही तोच, काकाही तोच, दार वाजतं तेही तोच. मधल्या जाहिरातींसकट. मम्मी ओरडायची, अरे तिला घास तरी गिळू दे. मग तो नेमच झाला. पॅकिंगला कागदाने बोटं कापायची, पाय भरून यायचे, पण आज काय झालं असेल या विचारात शिफ्ट निघून जायची. खोटं कशाला सांगू, मी त्या ताटासाठीच घरी यायचे.

शेवटचा भाग त्याने सांगितला तेव्हा त्याच्या कानामागे जयंतीच्या मिरवणुकीचा निळा गुलाल होता. काका हरतो, गेटपाशी येतो, शर्वरीपुढे किल्ली धरतो. आणि शर्वरी ती घेत नाही. म्हणते, "किल्ली ठेवा काका. मला आधी परीक्षा द्यायचीय." आणि पिशवी खांद्याला लावून उतारावरून चालायला लागते. मी हातातला घास तसाच धरून बसले होते. त्याच वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून मी बाहेरून बारावी दिली. शर्वरी देते, तर आपल्याला काय धाड भरलीय, एवढंच डोक्यात. पास झाले. पुढे टायपिंग, मग पालिकेत क्लार्क. घर, दोन मुलं, चारचौघांत मान, सगळं त्या परीक्षेच्या पायावर.

तर गेल्या महिन्यात फेसबुकवर जुन्या सिरियलींच्या ग्रुपमध्ये कुणीतरी फोटो टाकला, की हा बंगला चेण्यात आहे. चेणे! घोडबंदर रोडला, आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतका जवळ. आणि मी जन्मभर समजत होते की तो महाबळेश्वरला आहे. कप्पाळ माझं. मी फोटो संघ्याला दाखवला. त्याने बघितला, मान फिरवली आणि "हं" केलं. मला वाटलं, ओळखलं त्याने. मी ठरवलं, रविवारी न्यायचं. तिथे गेल्यावर काहीतरी सुटेल, एखादा शब्द तरी.

मानसी नको म्हणत होती. ती गाडी नुकतीच शिकलेली आणि संघ्याची वॅगन-आर आठ महिने झाडाखाली उभी. मी म्हटलं, "तू चालव, बाकी माझ्यावर सोड." हे 'माझ्यावर सोड' मला आयुष्यात कधी धड निभावता आलेलं नाही.

काशिमिऱ्यापर्यंत ठीक गेलो. पुढे खाडीच्या अलीकडे, वर्सोवा नाक्यावर घोडबंदरचं वळण चुकलं आणि गाडी सरळ वसईच्या पुलावर. एकदा पुलावर चढलं की खाडी ओलांडल्याशिवाय सुटका नाही. मानसी रडवेली होऊन म्हणाली, "अक्का, तुम्ही सरळ म्हणालात." म्हटलं, "मी म्हणाले, पण बोर्ड तूही वाचू शकतेस ना." संघ्या मागून "हं, हं" करत होता, तो हसत होता की कातावला होता कळलं नाही. पलीकडे बरंच पुढे जाऊन वळलो, परत आलो, आणि घोडबंदर रोडला लागतो न लागतो तोच मागचं चाक बसलं.

स्टेपनी काढायची तर तिच्यावर व्हीलचेअर, औषधांची पिशवी, पाण्याचा कॅन. सगळं रस्त्यावर उतरवलं. ऊन असं की डांबर चिकटत होतं. संघ्याला खुर्चीत बसवून मी छत्री धरून उभी राहिले, बाजूने ट्रेलर जात होते आणि प्रत्येक ट्रेलरला छत्री उलटी होत होती. मानसीने स्टेपनी काढली, तर तीही चपटी. आठ महिन्यांत तिच्यात हवा भरायचं कुणाच्या डोक्यात येणार? ते काम त्याचं होतं. मानसी चाकाशेजारी तशीच बसून राहिली. म्हणाली, "गाडीची कागदं कुठे, गॅसचा नंबर कुठे, मला काही माहीत नाही अक्का. सगळं हेच बघायचे. आणि आता विचारलं तर हं." मलाही हुंदका आला, पण छत्री सोडता येत नव्हती.

शेवटी पंक्चरवाला मोपेडवर आला. संघ्याकडे बघून म्हणाला, "भाईसाब को क्या हुआ?" मी म्हटलं, "भाईसाब की आवाज गई है, कान नहीं. उनको ही पूछो." त्याने खरंच संघ्याजवळ जाऊन विचारलं, "नमस्ते भैया, पानी पियोगे?" संघ्या "हं" म्हणाला आणि त्या पंक्चरवाल्याच्याच बाटलीतून पाणी प्यायला.

चेण्याला पोचेपर्यंत दुपार टळली होती. बंगला एका उतारावर. कौलं घसरलेली, खिडक्यांना पत्रे ठोकलेले. मला वाटलं होतं त्याच्या निम्मासुद्धा नाही. पण उतार तोच होता. शर्वरी चालत गेली असेल तो हाच, मी मनात म्हटलं. संघ्याची खुर्ची गेटजवळ नेली, तर तिथे सोनेरी मोर नाहीत, साधी लोखंडी जाळी.

राखणदार एक म्हातारा होता, गावात त्याला सगळे दाजी म्हणतात. मी त्याला शूटिंगचं विचारलं, तर खुलला. म्हणाला, "व्हतं की. मीच पानी भरायचो त्यांचं. वर्षभर व्हते."

"शेवटचा भाग इथेच झाला ना?" मी विचारलं. "ती गेटवर येते, काका किल्ली देतो, तो?"

"कसला शेवटचा?" दाजी म्हणाला. "दिवालीच्या आधीच बंद झाली ती. एक दिवस टेम्पो आला, दिवे भरले, गेले. मालकांचं आपसात काय वाजलं कोन जाने. संपलीच न्हाय ती सिरियल."

मी तापले. म्हटलं, "दाजी, तुम्ही विसरलाय. माझ्या भावाने पाहिलाय शेवट. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, एप्रिलमध्ये."

"मी कशाला इसरंन?" तो शांतपणे म्हणाला. "दिवालीला त्यांचा गेट काढून मीच गोठ्याला लावला. प्लायचा हाय, बघा."

मागे शेळ्यांचा गोठा होता. त्याच्या दाराला एक सोनेरी मोर, अर्धा सोललेला. दुसऱ्या मोराची शेपूट शेळीने खाल्ली होती.

मी मोरासमोर उभी राहून हिशेब लावत होते. दिवाळी ते जयंती. अख्खा हिवाळा मी त्या ताटावर बसले होते. शर्वरीला नोकरी लागली ते, काकाचा मुलगा फिरला ते, रात्रशाळेच्या बाई भेटल्या ते, सगळं दिवाळीनंतरचं. हंसाबेनच्या टीव्हीवर तेव्हा साडेसातला दुसरंच काहीतरी चालू असणार. आणि हा तेरा वर्षांचा पोरगा मी यायच्या आत रोज नवा भाग जुळवत होता. जाहिरातींसकट.

मी परत गेटपाशी आले. संघ्या खाली बघत होता, नॅपकिनशी बोटांनी खेळत. लहानपणी चोरी पकडली की असाच बसायचा.

"संघ्या," मी म्हटलं, "परीक्षेचं ते तुझं होतं?"

त्याने मान वर केली नाही. "हं," म्हणाला.

मी त्याच्या पायाशी मातीत बसले. पंचवीस वर्षं मी जगाला सांगत आले की मला एका सिरियलने शिकवलं. त्याच्यासमोरही सांगितलं असेल शंभरदा, माझ्या रिटायर झालेल्या साहेबांच्या निरोप समारंभात तर माईकवरून. आणि सूत्रसंचालनाला मी बोलावलेला, माईक माझ्या हातात देणारा हाच होता. एक शब्द बोलला नाही. तेव्हा बोलता येत होतं तरी. आता मला विचारायचं होतं, कसं सुचलं रे तुला, कधी बसून जुळवायचास, मम्मीला ठाऊक होतं का. आणि ज्याला विचारायचं त्याच्याकडे 'हं' शिवाय काही नव्हतं. एवढा राग आला मला, कुणाचा ते सांगता येत नाही.

नीलम मॅडमनी एक शिकवलं होतं, ओळखीचं वाक्य अर्ध्यावर सोडायचं, पुढचं त्याला पुरं करू द्यायचं. मी त्याचा डावा हात धरला. म्हटलं, "किल्ली ठेवा काका. मला आधी..." आणि थांबले.

त्याने तोंड उघडलं. जीभ वर गेली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे माझ्यावर. वाक्य त्याचंच होतं, त्यानेच केलेलं, ते त्याच्या तोंडाशी येऊन उभं आहे हे मला दिसत होतं. "हं," तो म्हणाला. पुन्हा "हं." मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मानसी म्हणाली, "अक्का, पुरे."

"परीक्षा द्यायचीय," मी म्हटलं. कुणीतरी ते पुरं करायला हवं होतं.

परतताना मी मागे त्याच्याजवळ बसले. घोडबंदर रोडला गाड्या तुंबलेल्या. मग त्याने माझी ओढणी ओढली आणि मागे बोट केलं, बंगल्याच्या दिशेने. "हं?" ते विचारणं होतं. म्हणजे सांग.

मी पहिल्या भागापासून सुरू केलं. शर्वरी कॉलेजातून येते, बापाला धाप लागलीय, बाहेर गाडी थांबते. मला त्याच्यासारखं सांगता येत नाही, मी ऑफिसात कागद वाचावा तसं सांगत होते. मानसी आरशातून बघत होती. भास्करकाका गेट उघडून आत येतो, इथपर्यंत आले आणि अडले. तिथे खोकला होता. मी खोकून पाहिलं, काहीतरीच झालं.

संघ्याने डाव्या हाताने नॅपकिन नीट खांद्यावर टाकला. मान थोडी वर केली. आणि खोकला, आधी दोन बारीक, मग एक लांब. अगदी तसाच.

मी थांबले. तो माझ्याकडे बघत राहिला, पुढचं मी बोलावं म्हणून. पुढचं सगळं मीच बोलले.