मिनिटाला दहा

मी डोंगरकड्याच्या मेंढपाळ केंद्रातला कॉम्प्युटर बोलतोय. आता कोपऱ्यात चादरीखाली असतो. पंखा घरघरतो, पण आठवण शाबूत आहे, आणि तिनंच माझा जीव खाल्लाय.

२००६ साली नांदेडहून जीपमधून आलो. केंद्र चालवणाऱ्या रत्नपालनं मला हार घातला. पुढं त्याची पुतणी पल्लवी शिकून आली आणि तिनं मला मेसेज पाठवायला शिकवलं. मी दूरच्या शहरातल्या एका मोठ्या यंत्राकडं मेसेज द्यायचे, ते मेंढपाळांच्या मोबाइलवर पोचवणार. त्याचा नियम एकच होता, मिनिटाला दहा. आम्ही गावागावानं निवांत पाठवत असू, त्यामुळं तो नियम कधी आडवा आला नव्हता.

२००९ च्या जूनमध्ये एका सकाळी दोनशे बारा जणांना जंताच्या औषधाची मात्रा कळवली. कळप रानातून परतले की पाजायचं होतं. संध्याकाळी पाचला पल्लवी किंचाळली, "काका, मोठ्या मेंढीची मात्रा कोकरांपुढं पडली! पाजली तर मरतील!"

तिनं दुरुस्तीचा मेसेज सगळ्यांना एकदम सोडला. पलीकडून नकार आला. तिनं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा, पुन्हा. मीही गाढवासारखा ठोठावत राहिलो. पाच-दहाला पलीकडच्या यंत्रानं आम्हाला अर्धा तास बंदच केलं. वर दम दिला, पुन्हा ठोठावलंत तर अर्धा तास नव्यानं सुरू होईल. तरी पल्लवीचा हात बटणाकडं गेलाच.

औषध न्यायला आलेल्या अनुसयाबाईनं तो हात धरला. "काहून दार बडवून राहिली, पोरी? समदी मेंढरं एकदम पान्याच्या डोणीवर सोडली तं डोणी उलटते, पानी एकालाबी भेटत न्हाई. दहा-दहा सोड."

"पण मावशी, सहाला लाईट जाते!"

"मंग ज्यांची मेंढरं आधी घरी येतात, त्यांची नावं आधी घे. मी सांगते. आमचं शेवटी ठिव, आमची दूरच्या माळावर हायत."

तिनं भराभर नावं सांगितली, पल्लवीनं यादी लावली. मग आम्ही थांबलो. ती तीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. रत्नपाल फोन लावत होता, पण रानात कुणाला रेंज नव्हती; गेलेला मेसेज मात्र ते गावाजवळ आले की आपोआप पोचणार होता. पाच-चाळीसला दार उघडलं. दहा गेले. मिनिटभर थांबलो. दहा गेले. एकाही मेसेजला नकार आला नाही.

सहाला लाईट गेली आणि मी विझलो. बारा मेसेज माझ्या पोटातच राहिले. त्यातले अकरा जण गावाजवळ येताच रत्नपालला फोनवर सापडले. उरला अनुसयाबाईचा नवरा ज्ञानबा. ती जीप गाठायला पळाली.

सकाळी ती आली तेव्हा पल्लवी दारातच उभी होती.

"एका कोकराला पाजलं व्हतं, मी जायच्या आत. ते गेलं. बाकी समदी बराबर हायत."

पल्लवी तिच्या गळ्यात पडून रडली. "मावशी, माझ्यामुळं झालं."

"उगी, लेकरा. दोनशे घरची तं वाचली. पुढच्या बारीला बी आमचं नाव शेवटीच ठिव."

पल्लवीनं त्याच दिवशी मला शिकवलं, नकार आला की आधी थांबायचं, पुन्हा आला तर त्याहून जास्त थांबायचं. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

उद्या माझ्या जागी नवा कॉम्प्युटर येतोय. बाबा रे, तू माझ्याहून चपळ असशील. पण पलीकडून नकार आला तर दार बडवू नकोस. आम्ही पाचलाच दहा-दहा सोडले असते, तर साडेपाचच्या आत सगळे पोचले असते आणि अनुसयाबाईचं कोकरू जगलं असतं.